पाटी नसलेली खानावळ

डोळे मिटा. पोट अर्धं रिकामं असेल तर उत्तम; भरल्या पोटी हे मनन जमत नाही.

अलिबागहून निघालेली एसटी चौल मागे टाकते. नारळी-पोफळीच्या वाड्या रस्त्यावर सावली धरतात. मग रेवदंड्याचा कोट. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधलेला, १७४० मध्ये मराठ्यांकडे आलेला. गाव अजून त्याच्या पोटात नांदतं. तिथे उतरा. चालू नका, आधी वास घ्या. सुकटीचा, ओल्या सुपारीचा, कुठल्या तरी चुलीचा.

आता तुमच्या आवडत्या जागेकडे मन न्या. तिला पाटी आहे का? बहुतेक नसेल. घराची ओटी, चार बाकं, आणि आत कुणी मावशी. सकाळीच सांगून ठेवलंत तरच दुपारी ताट मिळेल. भाकरी थापल्याचा आवाज ऐका. तांदळाच्या पिठाची उकड मळून हातावर थापलेली, पांढरीशुभ्र. पहिला तुकडा कालवणात बुडवू नका, नुसताच चावा. मग तळलेला बोंबील, अलिबागचा गोडसर पांढरा कांदा, सोलकढी. (ती फारच गुलाबी दिसली तर खुशाल शंका घ्यावी.) घास गिळेपर्यंत दुसरा उचलायचा नाही. एवढीच साधना.

थोडं मागे जा. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी शेजारच्या चौलला उतरला, घोडा घेऊन. इथले लोक घोड्यांना हरभरे आणि साखर-तूप घातलेली खिचडी चारतात, असं त्याने नवलाने लिहून ठेवलं. त्याचं स्मारक रेवदंड्यात शाळेच्या आवारात आहे. त्याच्या घोड्याचा मला थोडा हेवा वाटतो.

बेने इस्रायली ज्यूंचं बेथ एल सिनेगॉगही याच गावात. पूर्वी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे, म्हणून हे शनवार तेली. त्यांच्या मलिद्याचं ताट डोळ्यांपुढे आणा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, भोवती फळं. आधी प्रार्थना, मग घास. बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली; पोहे आणि नारळ मात्र त्यांनी तिथेही सोडले नाहीत. जिभेवर या ताटाची चव येईपर्यंत थांबा, घाई नाही.

आता थंडीची रात्र. कापणी झालेलं शेत. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्यानेच गच्च बंद करून मडकं उपडं ठेवलंय, भोवती जाळ. ही पोपटी. तिला हॉटेलात मागवणं म्हणजे तिचा अपमान, असं माझं स्पष्ट मत आहे. तिची जागा म्हणजे तो जाळ आणि भोवती बसलेली माणसं. त्यांचे चेहरे एकेक करून आठवा. कोण नेहमी जळक्या शेंगा निवडायचं?

मडकं उघडलंय. वाफ जाऊ द्या. शेंगा अजून गरम आहेत, हात घालू नका.