पिकअपचा एअर फिल्टर आणि आप्तवाक्याचा प्रश्न

इंजिनाचा एअर फिल्टर डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीसाठी विकत घेतला जातो. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे ९,००० लिटर हवा लागते. डिझेल इंजिन इंधनाच्या मानाने त्याहून जास्त हवा ओढते. कच्च्या रस्त्याने कांदा किंवा खडी वाहणाऱ्या पिकअपमध्ये या हवेबरोबर धूळही येते आणि धुळीतला क्वार्ट्झ लोखंडापेक्षा कठीण असतो. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा थर असतो तो काही मायक्रॉनांचा. साधारण तेवढ्याच आकाराचे कण दोन्हींना सर्वाधिक घासतात. उघड्या डोळ्याला मात्र ४०-५० मायक्रॉनांहून बारीक कण सहसा दिसत नाही. दुकानाच्या काउंटरवर तीन खोकी येतात: एक ओरिजिनल, एक दुसऱ्या कंपनीचे, एक लोकल. तिन्हींतला कागद सारखाच घडीदार. यांतले कोणते इंजिन वाचवील आणि हे कशावरून म्हणायचे? हा प्रश्न गॅरेजचा आहे तितकाच भारतीय प्रमाणशास्त्राचाही आहे.

न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने, म्हणजे प्रमाणे, मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाकांना त्यांतले फक्त पहिले मान्य होते. बौद्ध तार्किक आणि वैशेषिक पहिल्या दोनांवर थांबले आणि शब्दाला त्यांनी अनुमानाचाच प्रकार ठरवले.

प्रत्यक्षापासून सुरुवात केली तर ग्राहक फिल्टर उजेडासमोर धरतो. फाटलेला कागद, डिंक सुटलेली कड, कडक झालेले रबर, वाकड्या घड्या एवढे या तपासात कळते, आणि ते कमी नाही. कागद कितीही उत्तम असला तरी रबराच्या कडेला फट राहिली तर हवा तिथूनच आत जाते. मात्र याच्या पुढे डोळा काही सांगत नाही, उलट फसवतो. नवाकोरा फिल्टर सर्वांत चांगला गाळतो असे वाटते, पण कागदावर धुळीचा पातळ थर बसल्यावर त्याची गाळण्याची क्षमता वाढते. मळलेला फिल्टर एका मर्यादेपर्यंत नव्यापेक्षा अधिक चोख काम करतो. दिसते तेवढेच खरे मानणारा मालक तो वरचेवर काढतो, आपटतो, हवा मारून घेतो. हवेच्या जोराने कागदाला बारीक चिरा पडू शकतात, आणि प्रत्येक वेळी डबा उघडताना धूळ स्वच्छ बाजूला सांडण्याचा धोका असतोच. चार्वाकाची अडचण इथे फार स्पष्ट दिसते.

अनुमानाचे न्यायग्रंथांतले ठरलेले उदाहरण म्हणजे डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असे कळणे. गॅरेजमध्येही धुरावरूनच अनुमान चालते: गाडी काळा धूर टाकते, म्हणजे फिल्टर चोंदला. पण हा हेतू व्यभिचारी आहे. इंजेक्टर खराब असला, टर्बोचा पाइप फुटला, ईजीआर व्हॉल्व्ह अडकला, तरी काळा धूर येतो. जो हेतू साध्य (म्हणजे जे सिद्ध करायचे ते) नसतानाही आढळतो त्याला नैयायिक सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात. ‘अ‍ॅव्हरेज कमी झाले, फिल्टर बदला’ हा सल्ला बहुधा त्याच जातीचा. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या अभ्यासात इंधन इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांचे फिल्टर चोंदल्यावर इंधनाच्या खर्चात लक्षणीय फरक पडला नाही. गाडीचा वेग पकडण्याचा जोम मात्र घटला. डिझेल पिकअपला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही, पण व्याप्ती, म्हणजे हेतू आणि साध्य यांचे अटळ साहचर्य, गृहीत धरण्याची घाई कशी नडते हे त्यातून समजते.

खरी व्याप्ती दाबाच्या फरकात सापडते. कागद चोंदत जातो तसा फिल्टरच्या इंजिनाकडच्या बाजूला ओढ वाढते. ट्रॅक्टर, ट्रक आणि काही पिकअपच्या डब्यावर ही ओढ मोजणारा छोटा दर्शक असतो आणि मर्यादा ओलांडली की तो लाल होतो. हे अनुमान भक्कम आहे, पण एका बाजूनेच. फाटलेला फिल्टर हवेला अडवतच नाही, त्यामुळे दर्शकाच्या लेखी तो सर्वोत्तम! हवा किती अडली हे त्याला कळते, धूळ किती अडली हे कळत नाही.

उपमान फार दूर नेत नाही. गवय गाईसारखा असतो हे ऐकलेला माणूस रानात तो प्राणी पाहून ओळखतो. जुना फिल्टर शेजारी ठेवून नव्याचे माप जुळवणारा दुकानदार तेच करतो. त्यातून वस्तूची ओळख पटते, तिचा गुण कळत नाही. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी मानलेले अनुपलब्धी हे प्रमाण मात्र उपयोगी पडते. फिल्टरच्या पुढच्या पाइपात बोट फिरवले आणि धूळ लागली नाही, यावरून धूळ गेलीच नाही असे ठरत नाही. वस्तू असती तर दिसलीच असती अशी स्थिती असेल तेव्हाच तिचे न दिसणे प्रमाण ठरते, आणि दहा मायक्रॉनांचे तुरळक कण तसे दिसत नाहीत. उलट धूळ लागली, तर फिल्टर किंवा सील निकामी असण्याची शक्यता मोठी.

उरतो शब्द, म्हणजे आप्ताचे सांगणे. पिकअपच्या मालकाचा निर्णय प्रत्यक्षात यावरच उभा असतो, हे मान्य करायला अनेकांना जड जाते. आप्त कोण याचे न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने दिलेले उत्तर आजही कामाचे आहे: ज्याने विषय स्वतः जाणला आहे आणि जसा जाणला तसाच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते असेही तो नोंदवतो. कुळाचा प्रश्न तिथेच निकालात निघाला. खोक्यावरच्या नावाची प्रतिष्ठा किंवा परदेशी शिक्का म्हणजे आप्तत्व नव्हे.

या कसोटीवर मिस्त्री अर्धा आप्त ठरतो. कोणता फिल्टर डब्यात नीट बसतो, कोणाचे रबर लवकर कडक होते हे तो अनुभवाने जाणतो. मायक्रॉनांबद्दल तोही ऐकीवच बोलतो. उत्पादकाकडे चाचणीची सोय असते, पण त्याला माल खपवायचा असतो. म्हणून त्याचे बोलणे तपासता येईल अशा रूपात मागावे लागते. ते रूप आयएसओ ५०११ या चाचणीने दिले आहे: ठरावीक धूळ ठरावीक प्रवाहात सोडायची आणि किती अडली, किती धूळ मावली, हवेला किती अडथळा झाला हे मोजायचे. ९९ आणि ९९.५ टक्के हे आकडे जवळचे वाटतात, पण शंभर ग्रॅम धुळीतून पहिला फिल्टर एक ग्रॅम आत सोडतो, दुसरा अर्धा. म्हणजे इंजिनात दुप्पट धूळ. धूळ बारीक होती की जाड हे न सांगता दिलेला टक्का अर्थहीन असतो, कारण जाड धूळ अडवणे सोपे. धुवून पुन्हा वापरायच्या तेलकट सुती फिल्टरच्या जाहिराती जास्त हवेबद्दल भरभरून बोलतात आणि अडवलेल्या धुळीचा आकडा बहुधा गाळतात. जे सांगितले जात नाही तेही ऐकायला हवे. शिवाय अशा फिल्टरवर तेल जास्त लागले तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर थर बसू शकतो. डुप्लिकेट मालात तर वेगळाच दोष: शब्द आप्ताचा, बोलणारा भलताच.

ज्ञान खरे होते हे कळते केव्हा, यावर नैयायिक आणि मीमांसक भांडले. नैयायिकांच्या मते कृती फळाला आली की ज्ञानाचे प्रामाण्य ठरते. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते, बाधक पुरावा येईपर्यंत. फिल्टरच्या बाबतीत फळ दीड-दोन लाख किलोमीटरनंतर दिसते, आणि तोवर तेल, वजन, चालक अशी दहा कारणे त्यात मिसळलेली असतात. मोठे ताफेवाले वापरलेल्या इंजिन ऑइलमधले सिलिकॉन प्रयोगशाळेत तपासून हा काळ कमी करतात. ते प्रमाण वाढले तर धूळ आत शिरत असल्याचा संशय घेतात. एकच पिकअप असलेल्या मालकाला मीमांसकांची वाट अधिक सोयीची. त्याने विश्वास ठेवावा आणि बाधक शोधत राहावे.

धुळीच्या रस्त्यावर राबणाऱ्या डिझेल पिकअपला गाडीच्या पुस्तिकेतल्या पार्ट नंबरचा कागदी फिल्टर घ्यावा, तो अधिकृत विक्रेत्याकडून किंवा चाचणीचे आकडे देणाऱ्या कंपनीकडून. बसवताना रबराची कड बोटाने तपासावी आणि बदलण्याची मुदत धुळीच्या कामासाठी दिलेली धरावी, जी पुस्तिकेत नेहमीच्या मुदतीपेक्षा कमी असते.