उपरण्याचे सूत आणि पक्का रंग



वारकऱ्याच्या अंगावर वस्त्रे ती किती? धोतर, सदरा, डोक्याला पटका नाही तर टोपी, आणि खांद्यावर उपरणे. त्यातही खरे कामाचे उपरणेच. उन्हात ते डोक्यावर येते, मुक्कामी उशाला जाते, भाकरी बांधायला तेच, आणि कीर्तनात डोळे भरून आले म्हणजे पुसायलाही तेच. अशा या उपरण्याचे सूत कसे पारखावे आणि रंग कोणता घ्यावा, एवढाच आजच्या निरूपणाचा विषय.

कोणी म्हणेल, परमार्थाच्या मासिकात सुताची चर्चा कशाला? अहो, नामदेवराय शिंप्याच्या घरचे, कबीरदास काशीचे विणकर, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी. या मंडळींनी आपले काम टाकून देव शोधला नाही, कामातच शोधला. मग मागाजवळ घटकाभर बसायला आपल्याला लाज कसली?

आधी आमची चूक सांगतो. दोन वर्षांमागे आमच्या दिंडीत ठरले, की सर्वांची उपरणी एकसारखी असावीत. खरेदी आमच्याकडे आली. आम्ही बाजारात गेलो. झळझळीत केशरी गठ्ठा दिसला. दुकानदार म्हणाला हातमागाचा आहे, आम्ही मान डोलावली. भाव पाडून घेतला आणि मोठ्या फुशारकीने गठ्ठा घेऊन आलो. आषाढीच्या वाटेवर दिवेघाटात पावसाने गाठले. घाट चढून होईतो केशरी ओघळ सगळ्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर उतरले. सगळे हसले. पण एक म्हातारी आई उपरणे पिळता पिळता म्हणाली, "माउली, रंग याला लागलाच नव्हता, नुसता वर बसला होता." ते वाक्य आम्हाला मुक्कामापर्यंत टोचत राहिले. मनात म्हटले, हे उपरण्याविषयी बोलली, की आमच्याविषयी?

म्हणून यंदा आम्ही सोलापुरास एका वृद्ध विणकराकडे गेलो. ज्या जिल्ह्यात पंढरी, त्याच जिल्ह्यातले हे मागांचे गाव. आता तिथे यंत्रमागाचाच खडखडाट अधिक, हातमाग थोडे उरले. म्हाताऱ्याने आमच्यापुढे सुताच्या तीन लडी ठेवल्या. वीस नंबर, चाळीस नंबर, ऐंशी नंबर. नंबर म्हणजे काय? 840 यार्डांची एक लड, अशा जितक्या लडी एक पौंड वजनात बसतील तो त्या सुताचा नंबर. नंबर मोठा तितके सूत बारीक. आमचा हात अर्थातच ऐंशीकडे गेला. म्हाताऱ्याने विचारले, "माउली, मिरवायचंय का वापरायचंय?" आम्ही म्हटले, वापरायचे. "मग बारीक सूत ठेवा बाजूला. घाम टिपायला, भाकरी बांधायला वीस नंबरच बरा. मात्र ताणा दुहेरी चाळीसचा घ्या."

हे का, तेही त्याने समजावले. मागावर उभे लावतात तो ताणा, धोट्यातून आडवा जातो तो बाणा. ताण्याला सारखा ओढ सोसायचा असतो, फणीचा घास खायचा असतो. म्हणून तिथे पीळदार दुहेरी सूत लागते, वरून खळ द्यावी लागते. बाण्याला तो ओढ नाही, तो मऊ असला तरी चालतो. सज्जनहो, आपला नेम हा ताणा आहे. एकादशी, हरिपाठ, वारी, हे उभे धागे. रोजचा प्रपंच हा बाणा. तो कधी मऊ येईल, कधी खरबरीत. ताणा धड असेल तर बाणा कसाही येवो, वस्त्र होते. ताणा तुटका असेल तर धोटा कितीही पळवा, हाती गुंताच येतो.

आता रंग. कोऱ्या सुताला कापसाचे अंगचे मेण असते. ते तसेच ठेवून रंगवले तर पाणी आत शिरत नाही, डाग डाग पडतात. म्हणून सूत आधी सोड्याच्या पाण्यात उकळून काढायचे. मग मंजिष्ठेचा तांबडा द्यायचा असेल तर तुरटी द्यावी लागते. तुरटीला स्वतःचा रंग काही नाही, पण तिच्यावाचून मंजिष्ठ सुताला धरत नाही. सत्संगाचे असेच आहे. संत आपला रंग तुम्हाला लावीत नाहीत. देवाचा रंग तुम्हाला धरावा म्हणून मधे उभे राहतात. आणि निळीची रीत तर पाहण्यासारखी! पिंपातून सूत काढले की ते हिरवट पिवळे दिसते, हवा लागता लागता निळे होते. एका बुडीत गडद रंग कधी येत नाही. बुडवा, वाळवा, पुन्हा बुडवा. कोणी विचारते, एकदा पंढरीला जाऊन आलो, पुन्हा पुन्हा कशाला? त्याने निळीच्या पिंपाजवळ उभे राहावे.

आज बहुतेक सूत कारखान्याच्या रंगाने रंगते. नीट रंगवले तर तेही पक्के असते, त्याला नावे ठेवू नयेत. पारख मात्र करावी. ओल्या पांढऱ्या फडक्याने सूत चोळावे. फडके रंगले तर समजा कच्चे. रंग दिव्याखाली निवडू नये, उजेडात निवडावा. आणि लडीवरून ठरवू नये, कारण विणल्यावर रंग बदलतो. म्हाताऱ्याने दोन्ही सुते पुठ्ठ्याच्या तुकड्यावर शेजारी शेजारी गुंडाळून दाखवली. "काठाचा ताणा तांबडा, पण बाणा पांढराच जाणार. काठ फिका पडणार. तेव्हा हवा त्याहून गडद तांबडा घ्या." पंढरीत केलेल्या संकल्पाचेही असेच नव्हे काय? घरी आल्यावर त्यावरून प्रपंचाचा बाणा जाणारच. म्हणून संकल्पच गडद करावा.

आता पुन्हा आमची परीक्षा झाली. मनात होते, की सर्वांना साधे घ्यावे आणि आम्हा पुढे चालणाऱ्या चौघांना जरीकाठ. तोंडाने म्हणत होतो "विणेकऱ्याचा मान", पण मान कुणाचा हवा होता ते विठ्ठल जाणे! आणि भाव ऐकल्यावर जुन्या सवयीने म्हणालो, थोडे कमी करा. म्हातारा रागावला नाही. म्हणाला, "करतो की. ताण्याला एकेरी सूत घालू? का तुरटी कमी करू? आणि ते दोन्ही नको, तर माझी मजुरी राहिली. कुठून काढू, तुम्हीच सांगा."

सज्जनहो, आम्ही गप्प झालो. दिवेघाटातले ओघळ डोळ्यांपुढे आले. भाव पाडला तेव्हा कुठून तरी काहीतरी काढले गेलेच होते. आम्ही विचारलेच नव्हते. हातात माळ आणि दुसऱ्याच्या मजुरीवर डोळा, हा कच्चा रंग नव्हे तर काय?

सांगितला तो भाव दिला. सर्वांना एकच उपरणे ठरले. अंग कोऱ्या कापसाच्या रंगाचे, काठ तांबडा, जर कोणालाच नाही. ज्यांना पैसे जड होते त्यांचे इतरांनी भरले. कुणाचे कुणी, हे वहीत लिहिले नाही. एकाने विचारले, पांढरे मळणार नाही का? मळेल. पांढऱ्यावर डाग लपत नाही, हाच त्याचा गुण. दिसला की धुवावा.

ज्याला यंत्रमागाचे परवडते त्याने ते घ्यावे. त्यात पाप नाही. पण हातमागाचे म्हणून घ्यायचे तर खात्री करून घ्या. 2006 पासून अशा मालावर हातमागाचे चिन्ह मिळते, ते पाहा. आणि जमेल तर मागापाशी जा, विणकराचा हात पाहा. मग भाव पाडायला जीभ वळणार नाही.

येत्या वारीत पाऊस येईल, आणि यावाच. घाटात उपरणे पिळताना प्रत्येकाने पाण्याकडे पाहावे. रंग उतरला की टिकला, ते तिथेच कळेल. उपरण्याचाही, आणि आपलाही.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!