पहिलीची नवमी



भाविकहो, जयंतीचा सप्ताह आला की घरोघरी पोथी निघते. पोथीकडे वळण्याआधी एका घरातली गोष्ट सांगतो. मागच्या वर्षी एका गावी पारायणाची समाप्ती झाली, प्रसादाची पंगत उठली आणि मागे राहिलेली एक बाई हळूच जवळ आली. म्हणाली, "बुवा, एक विचारू का? ती माझ्यावर रागावली असेल का?"

"ती कोण, बाई?"

ही दुसरेपणावर दिलेली. लग्नाला १५ वर्षे झालेली. पहिली तान्ही मुलगी मागे ठेवून गेली, ती मुलगी हिनेच वाढवली. देवघरात पहिलीचा टाक आहे. रोज त्याला गंध-फूल ही वाहते. भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, तिच्या नावाने सवाष्ण जेवायला बोलावतात. पुरण ही वाटते, ओटी ही भरते. त्याबद्दल तक्रार नाही हो! पण दूध नासलं, धाकट्याला ताप आला, की सासूबाई म्हणतात, "तिचं काहीतरी करायचं राहिलं असेल." आमटी बिघडली तर, "तिच्या हाताला चव होती." दिवाळीला हिला साडी यायची तीही हिरवी, कारण तिला हिरवा आवडायचा.

मी म्हटलं, "अगं, तिचं लेकरू तू न्हाऊ-माखू घातलंस. कुठली आई त्यावर रागावेल? नवमीला तृप्त होऊन आशीर्वाद देणारी सवाष्ण ती. ती छळते म्हणणारे तिचीच बदनामी करतात."

बाई रडली. पण तिची समजूत काढून भागणार नव्हतं.

आता पोथी बघा. पिठापूरला श्रीपाद श्रीवल्लभ अवतरले, कुरवपूरला कृष्णेत गुप्त झाले. पुढे कारंज्याला अंबाभवानीच्या पोटी नृसिंह सरस्वती आले. एक गेले, दुसरे आले. आपण काय करतो? दोन्ही नावं एका दमात घेतो. पहिल्यांना विसरत नाही आणि पहिल्यांचं नाव घेऊन दुसऱ्यांना उणंही म्हणत नाही. दत्तभक्तांना तर मागे राहिलेल्या खुणा पुजायची सवयच. वाडीला मनोहर पादुका, गाणगापूरला निर्गुण पादुका. तिथे आपण आधार मागायला जातो. मग घरातल्या टाकालाच आपण हातात छडी का देतो?

अजून एक. एकतिसाव्या अध्यायातला पतिव्रतेचा धर्म सुनांना ऐकवताना आपला आवाज चांगला चढतो. छत्तीस-सदतीसमध्ये गृहस्थाचा आचार आला, की आपल्याला पाणी प्यायला उठावंसं वाटतं! मीही त्यातलाच.

म्हणून मी तिच्या यजमानांना बाजूला घेतलं. ते म्हणाले, "बुवा, आई बोलते. मी हिला कधी काही बोललो नाही."

"तेच तर," मी म्हटलं. "पहिलीच्या नावानं पाणी तुम्ही सोडता. तिचं स्मरण हे तुमचं देणं आहे. ते तुम्ही हिच्या डोक्यावर ठेवलंत आणि पेपर वाचत बसलात. हिचं काय चुकलं, ही तुमच्या घरात आली एवढंच ना? आईंना तुम्हीच सांगायला हवं."

गृहस्थ खाली बघत राहिले. मला वाटलं, रागावले. दक्षिणा न ठेवताच गेले, म्हणजे रागावलेच असतील.

यंदा भाद्रपदात त्यांचं बोलावणं आलं. नवमीला गेलो. टाक उजळलेला, आणि त्याला गंध यजमानांनी स्वतः लावलेलं. पाटाशी सवाष्णीला द्यायची हिरवी साडी होती, तिच्याशेजारी आणखी एक, जांभळी.

"ही हिला. रंग हिलाच विचारून आणला," ते म्हणाले.

सासूबाईंनी दोन्ही साड्यांना हळदकुंकवाचं बोट लावलं. बोलल्या मात्र काही नाहीत.