काशीस गेलेला माणूस

आमच्या वंशावळीत खापरपणजोबांच्या नावापुढे मोडीत ‘काशीस गेले’ एवढेच दोन शब्द आहेत. आणि हे गृहस्थ काशीस नव्हे, तर शेजारगावच्या वाण्याच्या घरावर दरोडा घातल्याबद्दल काळ्या पाण्यावर गेले होते हे फैसल्याची नक्कल हाती आल्यावर उमगले, तेव्हा नवी प्रत छापखान्यात देण्यापूर्वी त्या दोन शब्दांचे काय करावे, हा पेच घेऊन मी आत्यांकडे गेलो. त्या परसात भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या.

“खरे ते छापावे,” मी म्हणालो. “शिवाय इंग्रजी दंडसंहितेची गंमत पाहा. पाच असामी जमले की दरोडा, चारच असले तर जबरी चोरी. त्या रात्री एक जण घरी राहता, तर कदाचित अंदमान टळतेही.”

“वाण्याला रे काय, चार काय नि पाच काय!”

यावर उत्तर नव्हते. म्हणून वाचलेली माणसे करतात तेच मी केले, माहिती सांगू लागलो. 1858 साली दोनशे कैद्यांनिशी वसवलेले पोर्ट ब्लेअर, गळ्यात अडकवलेला लाकडी बिल्ला, आणि दहा वर्षे वर्तणूक नेक ठेवणाऱ्यास मिळणारी मुभा: जमीन कसावी, गावाकडून बायकापोरांस बोलवावे, नाहीतर तिथल्याच एखाद्या कैदी स्त्रीशी लग्न लावावे.

“म्हणजे तिकडे आपले भाऊबंदही असतील, आत्या.”

“बोलावता येत होते, आणि बोलावले नाही. हे छापशील?”

“त्यांना मुभा मिळाली की नाही, ते जगले तरी किती, कागदात नाही.”

“तिच्या कागदात आहे. काशीस गेले म्हणूनच तिला कुंकू पुसावे लागले नाही, पोराची सोयरीक झाली, तू झालास. ते दोन शब्द त्याचे नव्हेत, तिचे. वंशावळीत तिचे नावसुद्धा नाही. तेवढीच तिची मिळकत, ती तू खोडणार.”

सत्याचा अधिकार मृतांच्या अब्रूहून मोठा, असे मी बराच वेळ बोलत राहिलो आणि आत्या सालांचा ढीग वाढवत राहिल्या. मग मी निराळीच वाट धरली: हल्ली ज्याच्या त्याच्या घरी पूर्वज बंडवाला निघतो. वासुदेव बळवंतांनी 1879 मध्ये धामारीस दरोडाच घातला आणि एडनला जन्मठेप भोगली, हे खरे; पण म्हणून प्रत्येक दरोडा बंड ठरत नाही. निदान आपण तरी ते सोंग न आणता, मुद्देमालाच्या यादीसकट छापू.

“वाच यादी.”

“तांब्याची घागर एक. सोन्याची नथ एक. लहान मुलाचा चांदीचा वाळा, नग एक.”

“एकच?”

“एकच लिहिला आहे.”

आत्यांचे हात थांबले. “पोर झोपलेले होते की जागे?”

मी नक्कल पुन्हा पहिल्या पानापासून चाळू लागलो.