रायपूरचा संघ आणि गुणतक्ता

रायपूरला भव्य क्रिकेट स्टेडियम मिळालं 2008 साली आणि रणजी करंडकात खेळणारा स्वतःचा संघ 2016 साली. आपल्याकडे हे असं उलटंच होतं. परसदा गावाजवळ शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाचं स्टेडियम उभं राहिलं, 2013 मध्ये दिल्लीच्या आयपीएल संघाने तिथे पाहुणचार घेतला, आणि राज्याचा संघ मात्र भारतीय क्रिकेट मंडळाच्या पूर्ण सदस्यत्वाची वाट पाहत बसला. आता मोठे सामने येतात. जानेवारी 2023 मध्ये इथल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात न्यूझीलंडचा डाव 108 धावांत आटोपला. डिसेंबर 2025 मध्ये पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने पहिलं एकदिवसीय शतक इथेच काढलं. या दिवसांत रायपूर क्रिकेटवेडं वाटतं. छत्तीसगढचा रणजी हंगाम कसा गेला, हे त्याच गर्दीला विचारावं. बहुतेकांना सांगता येणार नाही. ज्यांना सांगता येईल तेही गुणतक्त्यातला क्रमांक सांगून थांबतील.

माझा आक्षेप त्या क्रमांकावर आहे.

तुलनेसाठी पाहा, अमेरिकेत बेसबॉलची मायनर लीग आहे. 2021 च्या फेररचनेनंतर तिच्यात 120 संघ उरले आणि प्रत्येकाची नाळ एखाद्या मोठ्या क्लबशी जोडलेली आहे. खेळाडूंचा पगार तो क्लब देतो आणि कोण कुठे खेळणार हेही तोच ठरवतो. छोट्या शहराचा संघ ऐन भरात असताना त्याचा सर्वांत चांगला पिचर वर बोलावला जातो, संघ हरायला लागतो, आणि त्यात कुणाला अन्याय वाटत नाही. खेळाडू घडवणं हेच तिथलं काम, हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं असतं. आपल्याकडे लहान संघावर दोन्ही ओझी एकदम पडतात. छत्तीसगढने खेळाडू घडवायचे आणि मुंबई-बंगालच्या गटात उभं राहून गुणही मिळवायचे. एका कामाचं माप दुसऱ्याला लावलं, की निकाल चुकणारच.

इतिहासही थोडा आठवावा. रणजी स्पर्धा 1934-35 मध्ये सुरू झाली तेव्हा नागपूर आणि रायपूर एकाच मध्य प्रांत व वऱ्हाडच्या संघाचे भाग होते. पुढे वाटा फुटल्या. विदर्भाचा संघ 1957-58 पासून स्वतंत्रपणे खेळू लागला आणि पहिलं अजिंक्यपद मिळायला 2017-18 उजाडलं, म्हणजे साठ वर्षं. मध्य प्रदेश 2022 मध्ये जिंकला. छत्तीसगढचे गुणी खेळाडू 2016 पर्यंत मध्य प्रदेशच्या नावावर जमा होत होते. भिलाईत वाढलेला ऑफस्पिनर राजेश चौहान त्याच संघातून कसोटीपर्यंत पोहोचला, 21 कसोटी खेळला, आणि त्यांतली एकही भारत हरला नाही. दोन्ही भावंडांना इतका वेळ लागला असेल, तर तिसऱ्याकडून दहा वर्षांत चषक मागणं फार झालं.

पहिल्या हंगामाची सुरुवात मात्र दिमाखात झाली. ऑक्टोबर 2016, त्रयस्थ मैदानांचं ते वर्ष, रांचीत त्रिपुराचा नऊ गडी राखून पराभव. कर्णधार मोहम्मद कैफ, प्रशिक्षक मुंबईचे सुलक्षण कुलकर्णी. दोघेही बाहेरचे, म्हणून विजय उसना, असं म्हणायला मी तयार नाही. विदर्भालाही बाहेरचे वसीम जाफर आणि चंद्रकांत पंडित लागलेच की! पण 2017-18 च्या इंदूरमधल्या अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक रजनीश गुरबानीची होती, म्हणजे विदर्भातच घडलेल्या गोलंदाजाची. पाहुणा खेळाडू हंगाम सावरतो. त्याच्या पलीकडून चेंडू टाकणारा कोण आहे, यावर पुढची दहा वर्षं ठरतात. 2024-25 मध्ये विदर्भाच्याच हर्ष दुबेने एका हंगामात 69 बळी घेऊन विक्रम केला. त्याआधीचा 68 बळींचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनने दुय्यम अशा प्लेट गटात केला होता. एका बळीचा फरक, पण दोन्ही आकड्यांचं वजन सारखं नाही. तक्ता हे सांगत नाही.

तो आणखीही काही लपवतो. फेब्रुवारी 2024, रायपूर, समोर मुंबई. पृथ्वी शॉ 159, भूपेन ललवाणी 102, पहिल्या गड्यासाठी 244. इथे लहान संघ कोसळतो, अशी आपली सवयीची समजूत. मुंबई 351 वर संपली. अमनदीप खरेने 143 काढले, आणि छत्तीसगढचा डाव 350 वर थांबला. सामना अनिर्णित राहिला. पहिल्या डावातल्या एका धावेच्या आघाडीने मुंबईला तीन गुण, छत्तीसगढला एक. त्याच मोसमात मुंबईने बेचाळीसावं अजिंक्यपद मिळवलं. साखळीत जे सात सामने मुंबई खेळली, त्यांत अनिर्णित राहिलेला हा एकच.

छत्तीसगढच्या त्या हंगामाचा हिशेब मांडायचा झाला, तर मी क्रमांकाआधी हे 350 मांडीन. मग विचारीन, की ते काढणाऱ्यांपैकी किती जण रायपूर, दुर्ग, भिलाई, बिलासपूरच्या मैदानांवर घडले, आणि पुढच्या हंगामात त्यांच्यापैकी किती जणांना पुन्हा संधी मिळाली.