तळ बघण्याचे पैसे

आमच्या माणदेशात पाण्याचा तळ दिसणं ही चांगली गोष्ट नव्हे. फाल्गुन-चैतात विहिरीचं पाणी खाली सरकायला लागतं. आधी कपारी उघड्या पडतात, मग कधीकाळी पडलेली फुटकी कळशी, कुणाचा तरी तांब्या दिसायला लागतो आणि एके दिवशी पोहरा दगडावर आपटल्याचा आवाज वर येतो. तो आवाज आला की कठड्यावरच्या बायका गप्प व्हायच्या. ‘तळ लागला’ हे कुणी मोठ्यानं बोलत नसे. घरी येऊन हळूच सांगायचे, जसं दुखणाईताचं सांगतात तसं.

त्यामुळं पाण्याचा तळ बघायला माणसं पैसे मोजतात, होडीच्या बुडाला काच बसवून तो दाखवतात आणि तो नीट दिसला नाही तर भांडतात, हे बघितल्यावर मला प्रथम हसूच आलं. हे बघितलं अंदमानात. आपली मराठी माणसं तिकडं जातात ती मुख्यत: सेल्युलर जेलसाठी. सावरकर 1911 ते 1921 अशी दहा वर्षं तिथं कोठडीत होते, ती कोठडी बघायची, डोळे पुसायचे आणि मग उरलेले दिवस समुद्र. आमच्या सहलीतही तसंच होतं. तिसऱ्या दिवशी जॉली बॉय नावाचं बेट होतं.

पोर्ट ब्लेअरपासून तीसेक किलोमीटरवर वंडूर आहे. तिथून मोठी बोट निघते. हा सगळा भाग महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतो. 1983 सालापासून तिथं पंधरा बेटं आणि भोवतीचा समुद्र राखलेला आहे. धक्क्यावरच पिशव्या तपासतात. प्लॅस्टिकची बाटली, खाऊचा पुडा काही पुढं जाऊ देत नाहीत. आमच्यातल्या एका बाईंच्या चकल्या अडकल्या, त्यावरून बराच वेळ गेला. मग खाडी, दोन्ही बाजूंना खारफुटी आणि तासाभरानं ते बेट. तिथं धक्का बांधलेला नाही. मोठी बोट लांबच उभी राहते आणि माणसं लहान होडीत उतरवतात. तीच काचेची होडी. मधोमध लांबट चौकट, तिच्या बुडाला जाड काच, दोन्ही कडांना बाकडी. आठ-दहा माणसं माना खाली घालून बसतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, ही माणसं पंगतीला बसलीत आणि ताटाची वाट बघतायत.

काचेचं काम मोठं नाही, पण नेमकं आहे. पाणी वरून हलतं, त्या हलण्यात उजेड मोडतो, म्हणून काठावरून खालचं नीट दिसत नाही. काच पाण्याला चिकटून असली की तेवढ्यापुरती लाट नाहीशी होते आणि डोळा सरळ खाली जातो. आमच्याकडं हेच काम आरसा करायचा. विहिरीत घागर पडली की ऊन कलायच्या आत कुणीतरी कठड्यावर आरसा धरून कवडसा खाली टाकायचं आणि दुसरा माणूस त्या उजेडात गळ फिरवायचा. घागर निघाली की आरसा परत घरातल्या खुंटीला. उगीच विहिरीत कवडसा मारणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा बसायचा. एकदा आरसा घागरीसाठी नव्हता. त्या दिवशी आम्हां पोरांना मळ्यात पिटाळलं होतं. ज्यानं आरसा धरला होता तो आंघोळ केल्याशिवाय घरात गेला नाही, एवढंच नंतर कानावर आलं.

सांगायचं म्हणजे, बघण्याला आमच्याकडं कारण लागायचं. कारण नसताना बघणं हे पोरकटपणाचं, नाहीतर वाईट मानलं जायचं. जेवणाऱ्याच्या ताटाकडं बघू नये. बघितलंच तर त्यानं घास द्यावा किंवा आपण तिथून उठावं. बाळंतिणीकडं गेलं तर मुलाच्या मुठीत पैसा ठेवल्याशिवाय त्याचं तोंड बघू नये. रान चांगलं आलं की बांधाला काळं मडकं, त्यावर चुन्याचे ठिपके. दृष्ट मी मानत नाही. आमच्या घरात ती मानली जाते आणि तो विषय मी वाढवत नाही. पण त्या सगळ्या रीतींच्या मागं एक विचार होता आणि तो मला अजून खोटा वाटत नाही: डोळा हाही एक हातच आहे. बघणारा काहीतरी उचलतो. तेव्हा त्यानं काहीतरी ठेवूनही जावं.

होडीतला नियम याच्या बरोबर उलट होता. ‘हात नहीं लगाना, सिर्फ देखना.’ नियम चांगलाच आहे. मेलेल्या पोवळ्याचा तुकडासुद्धा उचलायला बंदी आहे आणि परतीच्या वेळी विमानतळावर त्यासाठी सामान तपासतात, हेही योग्यच. पण त्या नियमाच्या पोटात एक समजूत आहे, की बघण्यानं कुणाचं काही जात नाही. ती समजूत तिथलं वनखातंसुद्धा मानत नसावं. कारण जॉली बॉय बारा महिने उघडं नसतं. काही महिने ते आणि उरलेले महिने रेड स्किन नावाचं शेजारचं बेट, असं आलटून पालटून चालतं. आपण रान पड टाकतो तसंच हे. माणसांच्या बघण्यानंसुद्धा रान थकतं, हे ज्यानं ठरवलं त्याला शेती कळत असणार.

होडी निघाली आणि काचेखाली जे आलं ते खरोखर सुंदर होतं, त्यात शंका नाही. मेंदूसारख्या वळ्यांचे गोल दगड, सांबराच्या शिंगांसारखी झुडपं, हिरव्या-निळ्या ओठांचा एक भला मोठा शिंपला होडीची सावली पडताच मिटला. होडीवाला सांगत होता. हे दगड नव्हेत, जीव आहेत. बाजरीच्या दाण्याएवढे, काही त्याहून मोठे, लाखो जीव मिळून हे घर बांधतात. त्यांच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न करतं आणि त्यांना भरवतं. रंगही बराचसा त्या शेवाळाचाच. पोपटमासा पोवळं खरवडून खातो आणि त्याच्या पोटातून पांढरी वाळू पडते. ज्या वाळूवर उभं राहून आम्ही फोटो काढले तिच्यात बरीच तशी आली होती. हे ऐकून एक गृहस्थ पाय झटकायला लागले. आमच्या बायकोला वेगळीच अडचण पडली होती. तिच्या मंगळाच्या अंगठीतलं लाल पोवळं हे याचंच का? ते वेगळ्या जातीचं, दुसऱ्या समुद्रातलं, असं कळल्यावर तिला बरं वाटलं.

मग होडी जरा डावीकडं गेली आणि काचेखाली राखाडी रंग आला. तीच शिंगं, पण मोडलेली, एकावर एक पडलेली. वर मळकट शेवाळाचा थर. मासा म्हणाल तर एखादा. आमच्या रानात ज्वारी काढल्यावर धसकटं राहतात, तसं दिसत होतं. होडीत लगेच चुळबुळ सुरू झाली. “इथं काय नाही हो, पुढं घ्या.” “पैसे वसूल झाले पाहिजेत.” होडीवाल्यानं एक शब्द न बोलता होडी वळवली आणि पुन्हा रंग आले. सगळे खूश.

त्या वळण्यानं मला 1972 आठवलं.

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम होतं. आई, आजी, चुलत्या सगळ्या खडी फोडायला. दुपारी सुकडी मिळायची, घरी लाल मिलोच्या भाकरी. त्या उन्हाळ्यात बघायला माणसं यायची. जीप यायची, मागं धुरळा. त्याला ‘पाहणी’ म्हणायचे. मुकादमाला आदल्या दिवशी निरोप असायचा. मग थकलेल्या म्हाताऱ्यांना बाभळीच्या पल्याड बसवायचं, धडधाकट माणसं पुढं घ्यायची आणि वाटेवरचं मेलेलं जनावर ओढ्यात लोटायचं. साहेबांना काम दिसलं पाहिजे. ते काच खाली करायचे, कधी उतरायचे, कधी नाही.

आमची आजी जीप आली की पदर पुढं ओढून पाठ फिरवायची आणि हातोडी चालूच ठेवायची. एकदा चुलतीनं विचारलं, “आत्याबाई, असं का वं?” आजी म्हणाली, “बगू दे की. बगून काय पानी येतंय व्हय हिरीला?”

वडलांचं म्हणणं वेगळं होतं. रात्री ते म्हणाले, “आई, बगितलंच न्हाई तर देतील कशापायी? उलट समदं दाखवाय पायजे. हिरीचा तळ दाखवाय पायजे. म्हातारी मानसं फुडं बसवाय पायजेत.” पुढच्या पाहणीला त्यांनी आणि आणखी दोघांनी जीप अडवली आणि साहेबांना विहिरीवर नेलं. साहेब वाकून बघत होते. बराच वेळ बघत होते. पंधरा दिवसांनी गावात पाण्याची टाकी यायला लागली. ती त्या बघण्यामुळं आली की येणारच होती, हे कुणाला ठाऊक. आजी शेवटपर्यंत म्हणायची, येणारच होती.

या दोघांत खरं कोण, हा प्रश्न मी बरीच वर्षं वागवला. आजीला कळत होतं की आपलं दु:ख दुसऱ्याच्या डोळ्यांचं खाद्य होऊ शकतं, आणि ते नाकारायचा हक्क माणसाला आहे, खडी फोडणाऱ्यालाही. वडलांना कळत होतं की न दिसणाऱ्याचं कुणी काही लागत नाही. दोन्ही खरं. पण मुकादम मात्र दोघांच्याही बाजूचा नव्हता. तो दाखवत होता आणि लपवतही होता. त्याच्या दाखवण्यानं साहेब समाधानी होऊन परत जाणार, ‘काम बरं चाललंय’ असा कागद करणार आणि तो कागद खोटा नसूनही खोटा असणार. बघणाऱ्याला फक्त बरं वाटेल तेवढंच दाखवलं की तो साक्षीदार राहत नाही, गिऱ्हाईक होतो. समुद्राचं तेच. आमच्या होडीतले दहाजण आपापल्या गावी जाऊन सांगणार होते, काय रंग हो, काय मासे. त्यांच्या सांगण्यात ती धसकटं कुठंच येणार नव्हती.

किनाऱ्यावर होडीवाला सावलीला बसला होता. त्याच्याशेजारी जाऊन मी विचारलं, ते राखाडी काय होतं? आधी तो काही बोलेना. मग म्हणाला, “गर्मी से. पहले सफ़ेद होता है, फिर ऐसा.” नंतर मी त्याबद्दल जे मिळेल ते वाचलं. समुद्र नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापला आणि काही आठवडे तसाच राहिला, की पोवळं अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं. मग ते पांढरं पडतं. त्या वेळी ते मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर शेवाळ परत येतं, नाही निवलं तर ते मरतं. अंदमानात 1998, 2010 आणि 2016 साली असं झालं. 2010 चा एप्रिल-मे तर फार वाईट गेला. उपासानं माणूस पांढरा पडतो हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे, म्हणून ते वाचताना मला फारसं समजावून घ्यावं लागलं नाही.

“लोगों को दिखाते क्यों नहीं?” मी विचारलं.

“दिखाता था साब. झगड़ा करते हैं. मरा हुआ देखने थोड़ी आते हैं.” आणि मग जरा थांबून, “मेरे को भी अच्छा नहीं लगता दिखाना.”

या शेवटच्या वाक्यामुळं मी त्याला मुकादमाच्या रांगेत बसवू शकत नाही. त्याच्या बोलण्यात रोजगाराची भीती होती तशी आजीची पाठही होती. आपल्या घरातलं मढं परक्यांनी माना वाकवून बघावं आणि ‘पुढं घ्या’ म्हणावं, हे त्याला नको होतं. त्याला दोष देण्यासारखं काही नाही. दोष असेलच तर बघणाऱ्याच्या मागणीत आहे. मुठीत पैसा ठेवून बाळाचं तोंड बघतात; पण तो पैसा ठेवल्यामुळं बाळ हसलंच पाहिजे, असं कुणी म्हणत नाही. तिकिटाचं आम्ही तेच करून ठेवलंय. पैसे दिले म्हणजे समुद्रानं हसलं पाहिजे.

परतीच्या वेळी मोठ्या बोटीकडं जायला पुन्हा त्याच होडीत बसायचं होतं. मी त्याला म्हटलं, जमलं तर मघाच्या बाजूनं घे. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि घेतली. माणसं दमली होती, कुणी खाली बघत नव्हतं. मी आणि एक शाळकरी मुलगी, दोघंच बघत होतो. त्या राखाडी पसाऱ्यात एके ठिकाणी तळहाताएवढं पोवळं जांभळं होतं, नुकतं धरलेलं असावं. मुलीनं बोट दाखवलं. होडीवाला म्हणाला, “हाँ, वो नया है.”

गावी आल्यावर पारावर विचारपूस झाली. जेलचं सांगून झालं, मग समुद्राचं. मी रंगांचं सांगितलं आणि धसकटांचंही सांगितलं, पांढरं कसं पडतं तेही सांगितलं. आमच्या वयाचा एक जण, बहात्तरला माझ्याबरोबर सुकडीच्या रांगेत असायचा, तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “म्हंजी तितं बी दुष्काळच की.” आणि मग तंबाखू मळता मळता, “पन मर्दा, समुद्राला टँकर कसला धाडायचा?”

कुणी हसलं नाही. त्यानं चिमूट दाढेखाली धरली आणि विषय पावसावर गेला.