रिकामं बसायचा हक्क

कार्यकर्त्यानं सुटीच्या दिवशी बायकोला घेऊन मलबार हिलवर जावं, हँगिंग गार्डनच्या गवतावर पाय पसरून समुद्र बघत रिकामं बसावं, ही चळवळीशी बेइमानी आहे काय? वस्तीत नळाला पाणी नाही, पोरांच्या स्कॉलरशिपा अडकल्यात, आणि हा गेला हवा खायला! आपल्यातच असं बोललं जातं. बोलणाऱ्याची तळमळ खरी. हिशेब मात्र चुकलेला.

मित्रांनो, आपलं रिकामपण हिरावलं कुणी, ते आधी बघा. मनूनं शूद्राला एकच काम नेमून दिलं, वरच्या तिन्ही वर्णांची चाकरी. त्यात सुटीचा वार नाही. महारकीत तर रात्री-अपरात्री हाक आली की धावायचं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जाळली, तेव्हा हा न मावळणारा कामाचा दिवसही जाळला.

बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात गांधीवादाचा समाचार घेताना हेच मांडलं. फुरसत नसेल तर माणूस नुसता राबतो, त्याला संस्कृती कुठली? यंत्र पाहिजे ते फुरसतीसाठी. आणि ते नुसतं लिहून थांबले नाहीत. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं त्यांच्याकडं असताना १९४५ ला कारखान्यात पगारी रजेचा कायदा झाला, १९४६ ला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. हे सहा तास सभेसाठी आहेत, वाचनासाठी आहेत, आणि नुसतं बसण्यासाठीसुद्धा आहेत.

बाबासाहेब स्वतः १९३४ साली सोबत्यांना घेऊन दौलताबादचा किल्ला बघायला गेले. तिथल्या तळ्यावर हातपाय धुतले, तर तळं बाटवलं म्हणून गिल्ला झाला. म्हणजे आपलं फिरायला जाणंसुद्धा त्यांना खुपत होतं. आज हँगिंग गार्डनच्या गवताखाली शहराच्या पिण्याच्या पाण्याची टाकी आहे. त्या पाण्यावर आपण खुशाल बसावं. ६ डिसेंबरला दादरला रांगेत उभं राहून बघतो तो दुःखाचा समुद्र आपला, तर मग आनंदाचा का नाही?

पण एक सवाल सुटत नाही. ती बाग पहाटे कुणी झाडली? आणि डबा कुणी बांधला? चारला उठून भाकऱ्या थापायच्या, वर जाऊन परत तिनंच वाढायचं, खरकटं तिनंच आवरायचं, तर सुटी एकट्या नवऱ्याची झाली. दुसऱ्याच्या घामावर घेतलेला आराम मनूचाच आराम. आजूबाजूच्या बंगल्यांत तोच चालतो. तो शिकायला आपण टेकडी चढायची नाही.

म्हणून जा, जरूर जा. भाकऱ्या दोघांनी थापा, खरकटं दोघांनी उचला. झाडणाऱ्याला विचारा, तुला आठवड्याची पगारी सुटी आहे का? नसेल, तर पुढचा मोर्चा त्याच्या सुटीसाठी काढा.